एक खुर्ची सोडून : इटलीतील संयुक्त मंत्रिमंडळांचे खातेवाटप

मंत्रिमंडळाची यादी हा इतिहासातला सर्वांत कंटाळवाणा कागद समजला जातो. वीस-पंचवीस नावे, नावांपुढे खाती आणि वर शपथविधीची तारीख. इतिहासकार ती परिशिष्टात टाकतात आणि वाचक परिशिष्ट उघडत नाही. इटलीच्या विसाव्या शतकाविषयी वाचताना मला मात्र या याद्यांचा नाद लागला. एकेक यादी वहीत उतरवून घ्यायची, नावापुढे पक्ष लिहायचा, मागच्या यादीशी ताडून पाहायचे. कोण गेले, कोण आले, कोणाला कोणत्या खात्यातून उचलून कुठे बसवले. नेत्यांच्या भाषणांत न सापडणारी एक गोष्ट या कागदांत सापडते : सोबत सरकार चालवायला निघालेल्या माणसांचा एकमेकांवर नेमका किती विश्वास होता, ती.

सुरुवात ३१ ऑक्टोबर १९२२ च्या यादीपासून करते. मुसोलिनीचे पहिले मंत्रिमंडळ. काळे सदरे, रोमवरचा मोर्चा, राजाची घाबरगुंडी ही सगळी हकीगत वाचकांना ठाऊक असते. ते मंत्रिमंडळ संयुक्त होते हे मात्र फारसे कोणी लक्षात ठेवत नाही. ५३५ जणांच्या लोकसभेत फॅसिस्टांचे सदस्य होते ३५. एवढ्या बळावर एकट्याने सरकार बनत नाही, म्हणून मुसोलिनीने सढळ हाताने खाती वाटली. पहिल्या महायुद्धात विजय मिळवून देणारे सेनापती दिआझ युद्धखात्यावर आले. नौदल थाओन दी रेव्हेल या अॅडमिरलकडे गेले. शिक्षणखाते जोव्हान्नी जेंतिले या तत्त्वज्ञाकडे गेले. वसाहतींचे खाते राष्ट्रवादी फेदेर्झोनींना मिळाले. १०८ सदस्य असलेल्या कॅथलिकांच्या ‘पोपोलारी’ पक्षाचे दोन मंत्री होते, उदारमतवादीही होते. मुसोलिनी धरून फॅसिस्ट अवघे चार.

यादी अशी वरवर वाचली तर फॅसिस्टांनी केवढा मोठेपणा दाखवला असे वाटेल. पण मुसोलिनीच्या स्वतःच्या नावापुढे तीन गोष्टी आहेत : पंतप्रधान, परराष्ट्रमंत्री आणि गृहमंत्री. पोलीस प्रमुखाच्या जागी त्याने मोर्चाच्या चार म्होरक्यांपैकी एक, एमिलिओ दे बोनो, नेमला. नोव्हेंबरात विश्वासदर्शक ठराव आला तेव्हा ३०६ मते बाजूने आणि ११६ विरोधात पडली. बाजूने मत देणाऱ्यांत पोपोलारींचा संसदीय गटनेता होता. त्याचे नाव अल्चिदे दे गास्पेरी. या नावाची गाठ आपल्याला पुढे पडायची आहे.

इटलीत गृहखाते म्हणजे काय हे इथेच सांगायला हवे. देशाचे प्रांत पाडलेले, आणि दर प्रांतात रोमने नेमलेला एक प्रेफेत्तो. आपल्या जिल्हाधिकाऱ्याचा हा दूरचा भाऊ. फरक इतका की तो थेट गृहमंत्र्याचा माणूस. नगरपालिका बरखास्त करणे, सभेला परवानगी देणे-नाकारणे, निवडणुकीची यंत्रणा हलवणे, गावोगावची बित्तंबातमी रोमला कळवणे, हे सगळे त्याच्यामार्फत. एकोणिसाव्या शतकापासून देप्रेतिस, क्रिस्पी, जोलित्ती हे कसलेले पंतप्रधान गृहखाते स्वतःजवळच ठेवत आले, ते उगाच नव्हे. दक्षिणेतल्या निवडणुका प्रेफेत्तोच्या मदतीने ‘घडवण्यात’ जोलित्तींचा हातखंडा होता. म्हणजे १९२२ साली मुसोलिनीने नवीन काही केले नाही. जुन्याच किल्लीने जुनेच कुलूप उघडले. आत शिरल्यावर दार लावून घेतले, एवढे त्याचे स्वतःचे. पोपोलारींचे मंत्री १९२३ च्या एप्रिलमध्ये बाहेर पडले. तोवर प्रेफेत्तो आणि पोलीस कोणाचे झाले होते हे सांगायला नको.

दे गास्पेरी मूळचे त्रेंतो भागातले, तेव्हाच्या ऑस्ट्रियाचे प्रजाजन. १९११ साली ते व्हिएन्नाच्या संसदेत निवडून गेले होते. इटालियन राजकारणात ते आले ते युद्धानंतर. १९२७ मध्ये फॅसिस्टांनी त्यांना अटक केली, तुरुंगात टाकले. सुटल्यावर १९२९ पासून व्हॅटिकनच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या सूची करण्याची नोकरी. त्या तुटपुंज्या नोकरीत त्यांनी चौदा वर्षे काढली. १९२२ च्या त्या मताचा विचार त्यांनी या काळात केलाच नसेल हे मला पटत नाही. पण हा माझा तर्क झाला. यादी जे सांगते ते पाहू.

१९४३ च्या जुलैत मुसोलिनीची उचलबांगडी झाली, सप्टेंबरात शस्त्रसंधी जाहीर झाला, राजा रोम सोडून ब्रिन्दिसीला पळाला. ९ सप्टेंबरला रोममध्ये सहा फॅसिस्टविरोधी पक्षांनी राष्ट्रीय मुक्तिसमिती स्थापन केली : ख्रिश्चन डेमोक्रॅट, कम्युनिस्ट, समाजवादी, उदारमतवादी, कृती पक्ष आणि श्रम लोकशाही. निवडणूक होऊन वीस वर्षे उलटलेली. कोणामागे किती माणसे आहेत हे मोजायचे कसे? तेव्हा ठरले की सगळे समान. समितीतला श्रम लोकशाही पक्ष म्हणजे युद्धापूर्वीच्या काही पुढाऱ्यांची नावे आणि दक्षिणेतले थोडे वजन. तरी त्याचा आणि कम्युनिस्टांचा मान सारखाच.

या समानतेतून एप्रिल १९४४ मध्ये सालेर्नो या बंदराच्या गावी जे मंत्रिमंडळ बसले, त्याची यादी वाचताना गंमत वाटते. अध्यक्षस्थानी राजाचा सेनापती बादोल्यो. एकाच मेजाभोवती मार्क्सवादाचे टीकाकार तत्त्वज्ञ बेनेदेत्तो क्रोचे आणि मॉस्कोहून महिन्यापूर्वीच परतलेले कम्युनिस्ट नेते पाल्मिरो तोग्लियाती, दोघेही बिनखात्याचे मंत्री. कृषिखात्यावर कालाब्रियातले कम्युनिस्ट वकील फाउस्तो गुल्लो. रोम अजून जर्मनांच्या ताब्यात होते.

जूनमध्ये रोम मुक्त झाले आणि इवानोए बोनोमी पंतप्रधान झाले. पण यादीवर शेवटचा हात फिरे दोस्तराष्ट्रांचा. नोव्हेंबर १९४४ च्या पेचात काउंट स्फोर्झा यांचे नाव पुढे आले तेव्हा चर्चिलने ते चालू दिले नाही. त्या दिवसांत इटलीच्या भूमीवर लढणाऱ्या दोस्तफौजांत आपली माणसेही होती. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी वरच्या तिबेर खोऱ्यात पडले. नामदेव जाधवांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी पराक्रम केला. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच तिबेरच्या काठी खाली रोममध्ये कोणते खाते कोणत्या पक्षाकडे यावर रात्री जागवल्या जात होत्या. मराठी वाचकाला इटलीचा तो काळ वाटतो तितका परका नाही.

उत्तर इटली एप्रिल १९४५ मध्ये मुक्त झाली. पार्टिझनांचे नेते, कृती पक्षाचे फेर्रुच्चो पार्री जूनमध्ये पंतप्रधान झाले. पार्री का? समाजवाद्यांना पिएत्रो नेन्नी हवे होते, ख्रिश्चन डेमोक्रॅटांना दे गास्पेरी. दोघांनी एकमेकांची वाट अडवली आणि पद तिसऱ्याकडे गेले. गृहखाते पार्रींनी स्वतःकडे ठेवले. बोनोमींनीही तेच केले होते. पण बोनोमी मुरलेले होते आणि पार्री सरळ. लपून राहून जर्मनांशी लढलेला हा माणूस रात्र रात्र फायली वाचत बसे, त्यांच्या कार्यालयात खाट टाकलेली असे. सहा महिन्यांत उदारमतवाद्यांनी अंग काढून घेतले, ख्रिश्चन डेमोक्रॅट त्यांच्यामागून गेले आणि सरकार पडले. कार्लो लेव्हींच्या ‘घड्याळ’ या कादंबरीत या पतनाचे दिवस आले आहेत.

१० डिसेंबर १९४५ ला दे गास्पेरी पंतप्रधान झाले. त्यांच्या या पहिल्या यादीत गृहमंत्री आहेत ज्युसेप्पे रोमिता, समाजवादी. ठेंगणे, उद्योगी, फॅसिस्टांच्या कैदेत वर्षे काढलेले गृहस्थ. पण खुर्ची देताना तिचे दोन पाय आधीच कापून ठेवले होते. मुक्तिसमित्यांनी उत्तरेत जागोजाग आपले प्रेफेत्तो बसवले होते. कोणी शिक्षक, कोणी वकील, कोणी कालचा पार्टिझन. त्यांना काढून जुन्या सेवेतले नोकरशहा पुन्हा आणायचे, ही उदारमतवाद्यांची अट होती, आणि १९४६ च्या सुरुवातीला ती रोमितांच्याच हातून पुरी झाली. समाजवादी गृहमंत्र्याच्या सहीने मुसोलिनीच्या काळातली नोकरशाही आपल्या खुर्च्यांवर परतली.

तरी रोमितांच्या वाट्याला एक मोठे काम आले आणि ते त्यांनी तडीस नेले. २ जून १९४६ चे सार्वमत : राजा की प्रजासत्ताक? स्त्रिया पहिल्यांदाच देशपातळीवर मत देत होत्या. प्रजासत्ताकाला १,२७,१७,९२३ मते, राजाला १,०७,१९,२८४. वीस लाखांचा फरक. राजेशाहीवाल्यांनी गृहमंत्र्यावर लबाडीचा आळ घेतला आणि पुढे कित्येक वर्षे तो चघळला. त्या दिवशी विमिनाले टेकडीवरच्या त्या महालात दुसऱ्या कोणाचा माणूस असता तर काय झाले असते, हा प्रश्न मला नेहमी पडतो. निकाल कदाचित तोच लागला असता. पण तो जाहीर व्हायला किती दिवस लागले असते आणि रस्त्यावर काय घडले असते, हे सांगता येत नाही.

त्याच मंत्रिमंडळात न्यायमंत्री होते तोग्लियाती. प्रजासत्ताक आले, आता जुनी वैरे मिटवायची म्हणून २२ जून १९४६ ला माफीचा वटहुकूम निघाला. इतिहासात तो ‘तोग्लियाती माफी’ या नावानेच ओळखला जातो. फॅसिस्ट राजवटीतले गुन्हे माफ, मात्र ‘विशेष निर्घृण’ छळ करणाऱ्यांना माफी नाही. हे एक विशेषण सगळ्याला पुरून उरले. जुन्या न्यायाधीशांनी त्याचा अर्थ असा लावला की साधा निर्घृण छळ माफीत बसू लागला. तुरुंगांची दारे उघडली. ज्यांनी भाऊ गमावले, मुलगे गमावले, त्यांना मारेकरी गावच्या चौकात भेटू लागले. आणि वटहुकूम आपल्याच नेत्याचा. ऑगस्टमध्ये पिएमोन्तेतल्या आस्ती शहरात सहायक पोलिसातल्या एका पार्टिझन अधिकाऱ्याला पदावरून दूर केले, तेव्हा काही पार्टिझन शस्त्रे घेऊन पुन्हा डोंगरात गेले. सांता लिबेरा नावाच्या वस्तीत त्यांनी ठाण मांडले. त्यांची समजूत काढायला सरकारातर्फे नेन्नींना मध्ये पडावे लागले.

तोग्लियातींनी हे का केले यावर इटलीत ग्रंथ लिहिले गेले आहेत. माझे मत सांगते. संयुक्त मंत्रिमंडळात खाते मिळणे आणि त्या खात्यातली माणसे मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तोग्लियातींना न्यायखाते मिळाले. न्यायाधीश मिळाले नाहीत. रोमितांना गृहखाते मिळाले. प्रेफेत्तो मिळाले नाहीत. सही त्यांची, हात दुसऱ्याचा.

त्याच दिवशी झालेल्या संविधानसभेच्या निवडणुकीत ५५६ जागांपैकी ख्रिश्चन डेमोक्रॅटांना २०७, समाजवाद्यांना ११५, कम्युनिस्टांना १०४ मिळाल्या. मुक्तिसमितीची समानता संपली आणि अंकगणित सुरू झाले. दोन्ही डाव्या पक्षांची बेरीज २१९ होते, म्हणजे दे गास्पेरींपेक्षा बारा जास्त. पण बेरीज कागदावर. जुलैत दे गास्पेरींनी दुसरे मंत्रिमंडळ बनवले. या यादीत दोन बदल आहेत आणि दोन्हींवर बोट ठेवून थांबावे असे आहेत.

पहिला कृषिखात्याचा. गुल्लोंनी १९४४ च्या ऑक्टोबरात काही वटहुकूम काढले होते. पडीक जमिनी शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना द्याव्यात, बटाईने कसणाऱ्याला पिकाचा किमान निम्मा वाटा मिळावा. दक्षिणेत त्यांना ‘शेतकऱ्यांचे मंत्री’ म्हणू लागले होते. कालाब्रियात, सिसिलीत माणसे लाल बावटे आणि संतांच्या तसबिरी एकत्र घेऊन जमिनींवर चालून जात होती. जुलै १९४६ मध्ये गुल्लोंना बढती मिळाली : तोग्लियातींच्या जागी न्यायमंत्री. कृषिखाते गेले आंतोनिओ सेन्यींकडे, सार्दिनियातले जमीनदार आणि कायद्याचे प्राध्यापक. वटहुकूम रद्द केले नाहीत. अंमल ढिला झाला. सेन्यींवर अन्याय नको म्हणून सांगते, १९५० चा जमीनसुधारणेचा कायदा त्यांच्याच कारकिर्दीतला. पण तो वरून आला. गुल्लोंच्या वेळी जे खालून उठले होते, ते तोवर बसले होते. बढती देऊन माणसाला त्याच्या कामापासून तोडायची ही युक्ती आपल्याला ओळखीची वाटेल.

दुसरा बदल गृहखात्याचा. रोमिता सार्वजनिक बांधकामाकडे गेले. गृहखात्यापुढे नाव आले दे गास्पेरींचे. पंतप्रधान तेच, तूर्त परराष्ट्रमंत्रीही तेच. १९२२ च्या यादीत मुसोलिनीच्या नावापुढे जी तीन पदे होती, तीच तीन. १९४४ मध्ये बोनोमींनीही ती एकत्र धरली होती, तेव्हा यात योगायोगाचा भाग आहे हे मान्य. आणि दोन माणसांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हेही. दे गास्पेरींनी ऑक्टोबरात परराष्ट्रखाते नेन्नींना दिले, फेब्रुवारी १९४७ मध्ये गृहखातेही सोडले. पण कोणाकडे? आपल्याच पक्षाच्या मारिओ शेल्बांकडे. सिसिलीचे वकील, पोपोलारींचे संस्थापक दोन स्तुर्झो यांचे एकेकाळचे सचिव. शेल्बांनी रोमितांच्या काळात पोलिसात भरती झालेल्या पार्टिझनांना हळूहळू बाहेर काढले आणि जीपमधून फिरणाऱ्या शीघ्रकृती तुकड्या वाढवल्या.

१ मे १९४७. सिसिलीत पालेर्मोजवळ पोर्तेल्ला देल्ला जिनेस्त्रा या खिंडीत शेतकरी बायकामुलांसह कामगार दिनाला जमले होते. दहा दिवसांपूर्वी प्रादेशिक निवडणुकीत डाव्यांची आघाडी पहिली आली होती. डोंगरावरून साल्व्हातोरे जुलियानोच्या टोळीने गोळ्या झाडल्या. अकरा माणसे मेली, त्यांत मुलेही होती. दुसऱ्या दिवशी संविधानसभेत गृहमंत्री शेल्बांनी सांगितले की यामागे राजकारण नाही. त्याच मंत्रिमंडळात न्यायमंत्री म्हणून गुल्लो बसले होते, ज्यांच्या वटहुकुमांच्या आशेने त्या खिंडीतले लोक संघटित झाले होते. तपासाचे पोलीस एकाच्या हाती, खटल्याचे खाते दुसऱ्याच्या. एक सरकार, एक घटना आणि तिचे दोन अर्थ. याहून अधिक काळ ते एका छताखाली राहणे शक्य नव्हते.

राहिलेही नाहीत. जानेवारीत दे गास्पेरी अमेरिकेला जाऊन दहा कोटी डॉलरचे कर्ज घेऊन आले होते. त्याच महिन्यात समाजवादी फुटले आणि सारागात वेगळे झाले. महागाई भडकलेली. एप्रिलअखेर मंत्रिमंडळाच्या बैठकीत दे गास्पेरींनी सांगितले की आपल्या तीन पक्षांखेरीज या देशात एक चौथा पक्ष आहे. त्याच्यामागे मतदार थोडे असतील, पण पैसा आणि अर्थव्यवस्था अडवण्याची ताकद आहे. भांडवल हाती असलेल्या वर्गाविषयी ते बोलत होते. त्या चौथ्या पक्षाला वाटा द्यायचा तर तिघांपैकी कोणाला तरी उठावे लागणार. १३ मे रोजी त्यांनी राजीनामा दिला, ३१ मे रोजी नवे मंत्रिमंडळ आले. कम्युनिस्ट नाहीत, नेन्नींचे समाजवादी नाहीत. उपपंतप्रधान म्हणून अर्थतज्ज्ञ लुइजी आइनाउदी. गृहमंत्री मात्र तेच, शेल्बा.

यानंतरची गोष्ट एका अर्थाने संपल्यासारखी आहे आणि एका अर्थाने पंचेचाळीस वर्षे चालते. १८ एप्रिल १९४८ च्या निवडणुकीत ख्रिश्चन डेमोक्रॅटांना ५७४ पैकी ३०५ जागा मिळाल्या. कोणाची गरज उरली नाही. तरी दे गास्पेरींनी सारागात, रिपब्लिकन आणि उदारमतवादी या छोट्या पक्षांना सोबत घेतले. पाद्री आणि जमीनदार यांच्या मिठीत पक्ष एकटा सापडू नये म्हणून, असे त्यांचे चाहते म्हणतात, आणि मला ते खरे वाटते. पुढच्या काळात भिडू बदलत गेले. साठच्या दशकात समाजवादी परत आले. सरकारे सरासरी वर्षभर टिकत. परदेशी वार्ताहर अस्थिरतेबद्दल लिहीत. यादी वाचणाऱ्याला उलट दिसते. तीच नावे, तीच माणसे, खुर्च्या बदलून. आणि एक खुर्ची तीही नाही. शेल्बा, फान्फानी, ताम्ब्रोनी, ताविआनी, रेस्तिव्हो, रुमोर, कोस्सिगा, रोन्योनी, स्काल्फारो, गाव्हा, स्कोत्ती, मान्चीनो. जुलै १९४६ पासून जो गृहमंत्री झाला तो ख्रिश्चन डेमोक्रॅटच झाला.

बाकीच्या खुर्च्यांचे वाटप मात्र शास्त्रीय झाले. त्या शास्त्राला इटालियन लोक ‘चेन्चेल्लीची पुस्तिका’ म्हणतात. मास्सिमिलिआनो चेन्चेल्ली हे ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षातले एक अधिकारी, आदोल्फो सार्ती या पुढाऱ्याचे सचिव. पक्षात गटतट रग्गड. सर्वांत बलाढ्य गट ‘दोरोतेई’, कारण १९५९ मध्ये त्याची बैठक सांता दोरोतेआच्या मठात भरली होती. १९६७ च्या मिलान अधिवेशनात ताविआनी, कोस्सिगा आणि सार्ती यांनी ‘पूल बांधणाऱ्यांचा’ एक लहान गट काढला. अधिवेशनात त्यांना साधारण बारा टक्के मिळाले. आता बारा टक्क्यांत काय मागायचे? चेन्चेल्ली म्हणाले, कंपनीत जसे समभागांच्या प्रमाणात संचालक नेमतात तसेच पक्षात सभासदांच्या प्रमाणात पदे वाटावीत. मग खात्यांची वजने ठरली : जड खाते, हलके खाते, एका जडाच्या बदल्यात किती हलकी, किती राज्यमंत्रिपदे. सार्ती विनोदी स्वभावाचे. कोणी पद मागायला आले की सांगत, चेन्चेल्लींना विचारा. त्यातून नाव झाले. या पहिल्याच हिशोबात ताविआनींचे गृहमंत्रिपद शाबूत राहिले, असे चेन्चेल्लींनीच नंतर सांगितले आहे.

या पद्धतीची थट्टा करणे सोपे आहे, इटलीत पिढ्यान्‌पिढ्या ती होत आली आहे. मला तिच्यात एक सभ्यपणाही दिसतो. हरलेल्या गटालाही काही तरी मिळते, कोणी उपाशी उठत नाही, म्हणून कोणी मेज उलथत नाही. फॅसिझममधून आलेल्या देशात ही लहान गोष्ट नव्हती. पण ज्यांना मोजण्यासाठी रकाना नव्हता, ते हिशोबातच आले नाहीत. संविधानसभेत २१ स्त्रिया निवडून आल्या होत्या. मंत्रिमंडळात पहिली स्त्री आली १९७६ साली : तीना आन्सेल्मी, कामगारखात्यावर. तीस वर्षे वजनमाप चालू होते आणि या पारड्यात कोणी बसलेच नव्हते.

हिशोब किती महाग पडू शकतो हे मार्च १९७८ मध्ये दिसले. कम्युनिस्टांना त्या वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त मते होती. अल्दो मोरोंच्या शिष्टाईने ते बाहेरून पाठिंबा द्यायला तयार झाले, पण जुलिओ आंद्रेओत्तींची यादी आली तेव्हा ते चिडले. सगळे ख्रिश्चन डेमोक्रॅट आणि बहुतेक तीच जुनी नावे. नव्या पर्वाची यादी म्हणावी असे तिच्यात काही नव्हते. पाठिंबा द्यावा की नाही यावर पक्षात खल चालू होता. १६ मार्चला विश्वासदर्शक ठराव होता. त्या सकाळी संसदेकडे निघालेल्या मोरोंना व्हिया फानी रस्त्यावर ‘लाल ब्रिगेड’ने पळवले, त्यांचे पाचही रक्षक मारले. यादीवरचा वाद तिथेच विरला. दोन्ही सभागृहांनी त्याच दिवशी विश्वास दिला. पंचावन्न दिवसांनी, ९ मेला, मोरोंचा मृतदेह सापडला आणि दुसऱ्या दिवशी गृहमंत्री कोस्सिगांनी राजीनामा दिला. पुढचा गृहमंत्री ख्रिश्चन डेमोक्रॅटच.

१९८१ मध्ये त्याहून मोठी गोष्ट घडली. पंतप्रधानपदच पक्षाबाहेर गेले. इतिहासाचे प्राध्यापक जोव्हान्नी स्पादोलिनी, ज्यांच्या रिपब्लिकन पक्षाला जेमतेम तीन टक्के मते होती. नंतर १९८३ मध्ये समाजवादी बेत्तिनो क्राक्सी, अकरा टक्केवाले. पस्तीस वर्षांनी मोठा भाऊ पानाच्या मध्यावरून उठला. पण स्पादोलिनींच्या यादीत गृहमंत्री रोन्योनी, क्राक्सींच्या यादीत स्काल्फारो. पंतप्रधानपद देता येत होते. गृहखाते नाही. युद्धानंतर १९६१ पर्यंत पंतप्रधानांचे कार्यालय आणि गृहखाते विमिनालेच्या एकाच इमारतीत होते. मग पंतप्रधान कीजी महालात राहायला गेले. किल्ल्या जुन्या घरातच राहिल्या, असे म्हणावेसे वाटते.

शेवटी भांडणे झाली ती भलत्याच खात्यावरून. जुलै १९९० मध्ये दूरचित्रवाणीच्या कायद्यावरून आंद्रेओत्तींच्या पाच मंत्र्यांनी राजीनामे दिले. बेर्लुस्कोनींच्या वाहिन्यांना तो कायदा सोयीचा होता, असे त्यांचे म्हणणे. शिक्षणमंत्री सेर्जो मात्तारेल्ला त्यांत होते, आजचे राष्ट्रपती. आंद्रेओत्तींनी लगोलग पाच नवी नावे बसवली आणि पुढचे काम सुरू केले. एप्रिल १९९१ मध्ये रिपब्लिकन आघाडीतून बाहेर पडले ते पोस्टखात्यासाठी. एका पत्रपेटीच्या खात्यावरून आघाडी मोडावी याचे नवल वाटेल. पण वाहिन्यांच्या लहरी त्याच खात्याच्या हाती होत्या.

१९९२ मध्ये मिलानमधून लाचखोरीच्या खटल्यांची लाट उठली आणि दोन वर्षांत ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्ष उरला नाही. मे १९९४ मध्ये त्याच बेर्लुस्कोनींचे मंत्रिमंडळ आले. फॅसिस्ट परंपरेतून आलेल्या पक्षाचे मंत्री युद्धानंतर पहिल्यांदाच त्यात होते, आणि गृहखाते मिळाले उत्तरेच्या ‘लेगा’चे रोबेर्तो मारोनी यांना. ४८ वर्षांनी ती खुर्ची त्या घराबाहेर गेली. ते सरकार वर्षाच्या आतच पडले.

मे १९९६ मध्ये रोमानो प्रोदींचे मंत्रिमंडळ आले. त्यात गृहमंत्री जोर्जो नापोलितानो. जन्म नेपल्सचा, १९२५ सालचा. कम्युनिस्ट पक्षात दाखल झाले १९४५ मध्ये, गुल्लो कृषिमंत्री होते त्या काळात. दे गास्पेरींच्या मंत्रिमंडळातून त्यांचा पक्ष बाहेर काढला गेला तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. पक्षाचे नावही तोवर बदलले होते. मंत्री म्हणून विमिनालेच्या पायऱ्या चढले तेव्हा नापोलितानो सत्तर वर्षांचे होते.